बिनरंगी ओळखपरेड

प्राणिशास्त्राच्या प्रॅक्टिकल परीक्षेत ‘स्पॉटिंग’ नावाचा एक प्रकार असतो. टेबलावर ओळीने नमुने मांडलेले असतात, प्रत्येकापुढे एक आकडा असतो, घंटा वाजली की पुढे सरकायचे आणि समोर दिसेल ते ओळखून त्यावर चार ओळी खरडायच्या. या रांगेत पॅरामेशियम हमखास असते आणि हमखास ओळखलेही जाते, कारण ते गुलाबी असते. स्लाइडवरचा तो जीव कित्येक वर्षांपूर्वी मेलेला, रंगात बुडवून काचेखाली कायमचा चिकटवलेला असतो आणि परीक्षेपुरता हजर राहतो. हुशार विद्यार्थी तर रंगाचीही वाट पाहत नाहीत. कोपरा उडालेली स्लाइड म्हणजे पॅरामेशियम, ही बातमी आधीच्या बॅचकडून त्यांच्यापर्यंत पोचलेली असते. अशी पदवी घेतलेला माणूस पुढे कधी हौसेने तळ्यातल्या पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरतो, तेव्हा त्याची फार पंचाईत होते. गुलाबी काहीच नसते. निळे केंद्रक नसते, नावाचा बाण नसतो. पाण्यात पाण्याचेच काही तुकडे इकडून तिकडे पळताना दिसतात. तो पुस्तकातले चित्र आठवतो, थेंबाकडे बघतो आणि थेंबच खराब आहे असा निष्कर्ष काढतो. माझे म्हणणे असे, की या मंडळींना चेहऱ्यावरून ओळखू पाहणे हीच मुळात चूक आहे. रंग नसलेल्या एकपेशीय जीवाची ओळख पटते ती त्याच्या चालीवरून. आणि चाल पाहूनही पूर्ण नाव सापडले नाही, तर अर्धे नाव लिहून थांबावे. त्यात कमीपणा काही नाही.

रंगहीन म्हणजे नेमके काय, हे आधी पाहू. पांढरा हा रंग आहे, करडासुद्धा रंगच आहे. रंगहीन वस्तूतून प्रकाश आला तसा निघून जातो, वाटेत जकात न भरता. या जीवांच्या अंगात बहुतेक पाणी, अंगाभोवतीही पाणी, त्यामुळे एक पाणी कुठे संपले आणि दुसरे कुठे सुरू झाले हे डोळ्याला कळायला काही साधन उरत नाही. नवशिका अशा वेळी दिव्याचा उजेड वाढवतो आणि जो काही जीव अंधुक दिसत होता तोही नाहीसा करतो. जाणता माणूस उलट कंडेन्सरचा पडदा आवळून उजेड कमी करतो, मग कडा उमटू लागतात. या खटपटीत सगळ्यात आधी, सगळ्यात स्पष्ट आणि सगळ्यात देखणे काय दिसत असेल तर हवेचा बुडबुडा. ठसठशीत काळी कड, आत लखलखीत उजेड, आकार नेटका. जगभरच्या प्रयोगशाळांत सर्वाधिक वेळा ‘शोध’ लागलेला जीव हाच असावा. त्याच्या खालोखाल कापसाचा तंतू आणि पाहणाऱ्याची स्वतःची पापणी. डच शास्त्रज्ञ फ्रिट्स झेर्निके यांनी 1930च्या दशकात पारदर्शक वस्तूतून जाणाऱ्या प्रकाशाला बसणारा सूक्ष्म उशीर उजेड-अंधाराच्या फरकात बदलून दाखवला, आणि न रंगवता जिवंत पेशी दिसू लागल्या. ही युक्ती घेऊन ते येना येथील नामांकित सूक्ष्मदर्शक-निर्मात्यांकडे गेले, तेव्हा यात काही अर्थ असता तर आम्हीच ती शोधली असती, अशा अर्थाचे उत्तर त्यांना मिळाले. पुढे 1953 मध्ये त्याच कामाला नोबेल पारितोषिक मिळाले. न दिसणाऱ्या गोष्टीची कुणाला गरज वाटत नाही, हा अनुभव त्यामुळे थेट सूक्ष्मदर्शक बनवणाऱ्यांच्याही नावावर जमा आहे.

तरीही झेर्निके यांच्या आधी अडीचशे वर्षे हे जीव माणसाला दिसत होते. डेल्फ्टचा कापडव्यापारी अंतोनी व्हॅन लेवेनहूक याला लॅटिन येत नव्हते, शास्त्राचे रीतसर शिक्षण नव्हते. जवळ होते ते हाताने घासलेले एकेक भिंग आणि न थकणारा डोळा. 1674 पासून तो लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्रे लिहून पाण्यातल्या चिमुकल्या प्राण्यांची हकीकत कळवू लागला. हे प्राणीच आहेत असे त्याने कशावरून ठरवले? ते हलत होते यावरून. वर, खाली, गोल, झटक्याने मागे, असे त्यांचे हलणे त्याने बारकाईने नोंदवले. लंडनकरांचा विश्वास बसेना, तेव्हा त्याने धर्मगुरू, नोटरी अशा आठ प्रतिष्ठित लोकांना बोलावून भिंगातून दाखवले आणि त्यांच्या सह्यांचे दाखले पाठवले. जीवशास्त्रातला हा बहुधा पहिला पंचनामा. पंचांनी साक्ष दिली ती संख्येची आणि हालचालीची. रंगाबद्दल बोलण्यासारखे फारसे काही नव्हतेच.

यानंतर विद्वान आले आणि घोटाळा वाढला. सृष्टीतल्या यच्चयावत वस्तूला नाव-आडनाव देण्याचा विडा उचललेल्या लिनियसने 1767 च्या आवृत्तीत या सगळ्या मंडळींपुढे हात टेकले आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना ‘केऑस’, म्हणजे सरळ ‘गोंधळ’, या नावाच्या वंशात कोंबले. वर्गीकरणाच्या इतिहासात इतकी प्रामाणिक नोंद दुसरी नसेल. ती अजून पुरती पुसलेली नाही. नुसत्या डोळ्यांनाही दिसेल अशा एका थोराड अमीबाचे शास्त्रीय नाव आजही ‘केऑस कॅरोलिनेन्स’ आहे. बर्लिनचा एरेनबर्ग मात्र हात टेकणाऱ्यांतला नव्हता. त्याने या पारदर्शक जीवांना नीळ आणि कार्माइन हे रंग खाऊ घातले. पोटात गोल गोल रंगीत ठिपके उमटले. एरेनबर्गने ते मोजले, त्यांना जोडणारे आतडेही चित्रात काढले, आणि या जीवांना अनेक जठरे असतात असे ठरवून 1838 मध्ये भलाथोरला सचित्र ग्रंथ काढला. ते ठिपके म्हणजे गिळलेल्या घासाभोवती तयार होणाऱ्या आणि पेशीभर फिरणाऱ्या तात्पुरत्या पिशव्या होत्या. आतडे नव्हतेच. फेलिक्स दुजार्दिन या फ्रेंच संशोधकाने तेव्हाच हरकत घेतली होती. एरेनबर्गच्या डोळ्यांत दोष नव्हता. बिनरंगी जीवात रंग भरला की माणसाला जे आधीपासून माहीत असते तेच दिसू लागते, आणि एरेनबर्गला जठरे माहीत होती.

यावर कुणी म्हणेल, रंग बाहेरून घालायचा नको हे मान्य, पण अंगचा रंग तरी ओळखीचा धरायला काय हरकत आहे? हिरवे ते एका बाजूला, बिनरंगी ते दुसऱ्या. निदान दोन ढीग तरी पडतील. ढीग पडतात, पण ते खोटे असतात. शाळेच्या पुस्तकातली युग्लीना हिरवी असते. 1948 मध्ये असे दाखवले गेले की क्षयावरचे स्ट्रेप्टोमायसिन हे औषध दिले तर तिचे हरितलवक कायमचे जाते. खायला दिले तर ती जगते, वाढते आणि तिच्या सगळ्या पिढ्या बिनरंगी निपजतात. आता ही युग्लीना कोणत्या ढिगात टाकायची? निसर्गाने हाच उद्योग औषधाविना अनेकदा केला आहे. कायलोमोनास हा साचलेल्या पाण्यात झुंडीने सापडणारा बिनरंगी जीव. त्याचे भाऊबंद रंगीत शेवाळे आहेत. पॉलिटोमा हा हिरव्या क्लॅमिडोमोनासचा बिनरंगी नातेवाईक. दोघांनीही प्रकाशावर जेवण शिजवणे सोडले, पण पिठाचे कोठार सोडले नाही. आयोडिनचा थेंब टाकला की आतले स्टार्चचे कण निळे-काळे होतात आणि शेवाळी घराण्याची जुनी श्रीमंती उघडी पडते. अर्थात त्याच थेंबाने जीव मरतो. हा पुरावा मरणोत्तर असतो. स्पुमेला नावाखाली जमा केलेल्या इवल्याशा बिनरंगी गोळ्यांची तर आणखीच मजा. त्यांची जनुके तपासली तेव्हा कळले की सोनेरी शेवाळांच्या निरनिराळ्या शाखांनी आपापल्या वेळी स्वतंत्रपणे रंग सोडला आणि सगळ्या शेवटी एकसारख्याच दिसू लागल्या. मलेरियाच्या परजीवीत आजही एका जुन्या लवकाचा अवशेष टिकून आहे; शेवाळाशी त्याचा संबंध आहे, असे डासाच्या दंशाकडे पाहून कुणाच्या मनात येणार नाही. सांगायचे इतकेच, की रंग नसणे हे घराणे नव्हे, ती एक अवस्था आहे. तिथे पोचायच्या वाटा अनेक आहेत आणि पोचल्यावर सगळे सारखेच दिसतात.

सारखे दिसतात, पण चालतात सारखे नाहीत. चाळीत राहिलेल्या माणसाला जिन्यावरच्या पावलांवरून कोण येते आहे हे न बघता कळते. सूक्ष्मदर्शकाशी जुनी सोयरीक असलेल्या माणसाचेही तसेच असते. पेरानीमा आणि अस्टेशिया घ्या. दोघेही युग्लीनाचे बिनरंगी सगेसोयरे, दोघांचीही अंगे आळोखेपिळोखे देणारी, छायाचित्रात दोघांना वेगळे काढताना घाम फुटतो. जिवंत थेंबात मात्र पेरानीमा आपली जाड कशाभिका, म्हणजे चाबकासारखा तंतू, नाकासमोर काठीसारखी ताठ धरतो, फक्त टोक तेवढे थरथरते, आणि तो सावकाश, घसरत, कुठे तरी ठरवून निघाल्यासारखा पुढे जातो. ठरवून निघालेला असतोही. युग्लीना दिसली तर सबंध गिळतो. अस्टेशियाला असला ताठा नाही. बोडो आपली एक कशाभिका मागे फरफटत नेतो, किंवा तिच्या टोकाने बूड टेकवून जागच्या जागी हिसके देत बसतो. हॅल्टेरिया बराच वेळ एका जागी गरगरतो आणि अचानक नजरेतून गायब होतो. शोधावे तर दुसऱ्याच कोपऱ्यात गरगरत असतो. त्याचे चित्र काढायला बसलेल्या माणसाची वही कोरी राहते, पण ओळख मात्र पक्की पटते, कारण असे उडणारे फार थोडे. स्टायलोनिकिया पक्ष्माभिकांच्या, म्हणजे अंगावरच्या सूक्ष्म केसांच्या, जुड्या पायांसारख्या वापरून शेवाळाच्या तंतूवर चक्क चालतो, दोन पावले पुढे, एक मागे, जणू किल्ली घरी राहिली. कोलेप्स पिंपासारखा गडगडत येतो. व्होर्टिसेला देठावर बसून घंटेसारखा डुलत असतो आणि टेबलाला नुसता धक्का लागला की सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास देठाची स्प्रिंग करून खाली बसतो, मग उलगडायला मात्र सावकाश वेळ घेतो.

खुद्द पॅरामेशियम आपल्याभोवती फिरकी घेत, मळसूत्राच्या वाटेने पोहते. अडथळा आला की मागे सरते, थोडी दिशा बदलते आणि पुन्हा पुढे जाते. हर्बर्ट जेनिंग्ज या अमेरिकन संशोधकाने या सवयीचा 1906 च्या ग्रंथात सविस्तर अभ्यास मांडला आहे. वेगाचा हिशेबही करून पाहण्यासारखा आहे. हे जीव सेकंदाला साधारण एक मिलिमीटर जातात. चारशे पट मोठे दाखवणाऱ्या भिंगात एका वेळी दिसणारे वर्तुळ जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचे. म्हणजे पॅरामेशियम दृष्टीत येऊन निघून जायला अर्धा सेकंद. एवढ्या वेळात चेहरा लक्षात ठेवायचा म्हणजे धावत्या लोकलमधून उलट दिशेने जाणाऱ्या लोकलमधला माणूस ओळखणे. म्हणून शहाण्याने आधी कमी शक्तीचे भिंग लावावे. त्यात चेहरा दिसत नाही, पण चाल दिसते. शक्ती वाढवली की काम लवकर होईल असे मानणारे लोक फक्त सूक्ष्मदर्शकावरच असतात असे नाही, पण तो विषय वेगळा.

चालीवर एक आक्षेप मात्र खरा आहे. चाल बदलते. कव्हरस्लिपखालचे पाणी आटू लागले की पॅरामेशियम दाबले जाते, मंदावते आणि फुगते. हवा कमी झाली की कडेला गर्दी होते. दिव्याच्या उष्णतेने काही जण पिसाळल्यासारखे धावतात. मरणासन्न जीवाची चाल ही त्याची चाल नव्हे, हे कबूल. त्यावर उपाय म्हणजे ताजा थेंब, एकाऐवजी दहा जीव, आणि वेगापेक्षा ढबीवर नजर. घाईत असला तरी पेरानीमा काठी खाली ठेवत नाही. शिवाय चाल बदलणे हीच कधी कधी ओळख ठरते. मेंदूचा जीवघेणा आजार करणारी नेग्लेरिया फाउलेरी, जिच्यामुळे अलीकडे केरळात लोक हादरले आहेत, अमीबा म्हणून सरपटते तेव्हा इतर लहान अमीबांहून फारशी वेगळी दिसत नाही. तिला ऊर्ध्वपातित पाण्यात उबदार जागी ठेवले, की काही तासांच्या आत तिला कशाभिका फुटतात आणि सरपटणारी पोहू लागते. प्रयोगशाळेत नेग्लेरियाचा संशय पक्का करायला ही कसोटी वापरली जाते. बिनरंगी अमीबांच्या बाबतीत तर दुसरा इलाजच नाही. फ्रेडरिक पेज यांनी गोड्या पाण्यातल्या आणि मातीतल्या नग्न अमीबांसाठी 1988 मध्ये जी ओळख-किल्ली प्रसिद्ध केली, ती सरपटत्या अमीबाच्या आकारावर उभी आहे: गोगलगायीसारखा एकसंध सरकतो, की पंख्यासारखा पसरून, की बोटे काढत. थांबलेला अमीबा म्हणजे सांडलेला थेंब. त्याला नाव विचारू नये.

दुसरा आक्षेप प्रयोगशाळेतून येतो: थांबवा, मारा, रंगवा, मोजा. मिथाइल सेल्युलोजचा चिकट थेंब घालून गती कमी करता येते, कापसाचे चार तंतू टाकून कुंपण घालता येते, इतपत ठीक. त्यापुढे चांदीचे क्षार. ब्रूनो क्लाइन यांनी 1926 मध्ये चांदीने पक्ष्माभिकांच्या मुळांच्या ओळी उठवून दाखवल्या आणि तेव्हापासून या जीवांच्या अंगावरच्या ओळी मोजणे हे शास्त्र झाले. ते खोटे नाही. प्रजातीपर्यंत जायचे तर अनेकदा चांदीशिवाय गत्यंतर नसते. पण आल्फ्रेड काल हे हाम्बुर्गचे शाळामास्तर. त्यांनी 1930 ते 1935 या काळात चार भागांत पक्ष्माभिकाधारी जीवांचा जो ग्रंथ लिहिला, त्याचे बहुतेक निरीक्षण जिवंत जीवांवर केलेले होते. त्यात पुढच्यांनी पुष्कळ दुरुस्त्या केल्या, तरी आजही कुणी नवा जीव सापडल्याचे सांगितले की आधी काल यांच्या ग्रंथात पाहिले का, असे विचारतात. आणि चांदीच्या कामात ज्यांचा हात कुणी धरू शकला नाही ते साल्झबुर्गचे विल्हेल्म फोइस्नर हेही जिवंत निरीक्षणाशिवाय वर्णन अपुरे मानत. मेलेला जीव आखडतो, त्याची संकोची रिक्तिका ठोका देत नाही, तो काय खातो ते दिसत नाही. चांदी ओळी दाखवते. त्या ओळी वापरून तो काय करत होता ते आधीच पाहून ठेवावे लागते.

तिसरा आक्षेप हल्लीचा. जनुके वाचा, काम संपले. या मताला खिजवण्यात अर्थ नाही, कारण स्पुमेलाचा गोंधळ जनुकांनीच उघड केला. पण जनुकांचा क्रम आपले नाव सांगत नाही. तो एका यादीशी ताडून पाहावा लागतो, आणि ती यादी कुणी तरी थेंबाकडे पाहूनच बनवलेली असते. जिथे कुणी पाहिलेले नाही, तिथे यंत्र ‘अज्ञात दृश्यकेंद्रकी’ असे लिहून मोकळे होते, म्हणजे लिनियसचा ‘गोंधळ’, फक्त महाग. उलट बाजूही आहे, आणि ती चालवाल्यांनी गिळायलाच हवी. पॅरामेशियम ऑरेलिया या एका नावाखाली वावरणारे जीव दिसायला आणि चालायला जवळजवळ एकसारखे. ट्रेसी सॉनबॉर्न यांनी कोण कोणाशी संकर करतो हे अनेक वर्षे तपासून 1975 मध्ये त्यांच्या 14 प्रजाती केल्या. नावे शोधायचा कंटाळा आला असावा, कारण ती प्रायमऑरेलिया, बायऑरेलिया, ट्रायऑरेलिया अशी पहिली, दुसरी, तिसरी करत चौदाव्यापर्यंत जातात. इथे कितीही निष्णात डोळा निकामी आहे. म्हणूनच या गटातला जीव दिसला तर ‘ऑरेलिया गट’ एवढेच लिहावे. त्यापुढे लिहिणारा एक तर संकराचे प्रयोग करून किंवा जनुके वाचून आलेला असतो, नाही तर थापा मारत असतो.

मोबाइलवर फोटो काढून अॅपला विचारण्याची सोय आता झाली आहे. अॅप सहसा ‘माहीत नाही’ म्हणत नाही, हाच त्याचा दोष. स्थिर चित्रात चाल नसते, आणि चाल नसलेल्या बिनरंगी गोळ्याला कोणतेही नाव शोभून दिसते. निदान दहा सेकंदांचे चलचित्र तरी काढावे.

एवढा खटाटोप कशासाठी, असे विचारणाऱ्याने सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात जावे. तिथे टाकीतल्या गाळाचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरून टाकीची तब्येत पाहतात. कशाभिका हलवणारे सैरावैरा फार दिसले तर गाळ अजून कच्चा किंवा बिघडलेला. व्होर्टिसेलासारखे देठावर बसून शांतपणे पाणी गाळणारे वाढले तर पाणी स्वच्छ निघते आहे. तिथल्या माणसाला प्रजातीचे लॅटिन नाव लागत नाही. कोण बसले आहे आणि कोण धावते आहे एवढे कळले की त्याचा निर्णय होतो, आणि शहराच्या नदीचे काही अंशी भले होते.

तेव्हा रंकाळा तलावाचे असो, पाषाण तलावाचे असो, नाही तर अंगणातल्या कुंडीखालच्या ताटलीतले असो, पाणी आणले तर आयोडिनची बाटली जरा लांब ठेवा. आधी कमी शक्तीच्या भिंगातून पाहा, आणि वहीत चित्राच्या आधी चाल लिहा: ‘बिनरंगी, दहा मायक्रोमीटरच्या आसपास, एक कशाभिका मागे ओढतो, हिसके देतो, बहुधा बोडो?’ ते प्रश्नचिन्ह खोडू नका. आणि प्रॅक्टिकलच्या परीक्षकांना हात जोडून विनंती, की असे उत्तर प्रश्नचिन्हासकट आले तर त्याला पूर्ण गुण द्यावेत.